इकडील सर्व क्षेम

कराराचा मराठी मसुदा मी टाइप केला.
शहर नपुंसकलिंगी, भगिनी स्त्रीलिंगी.
साहेबांना विचारलं, पुढे "ते" लिहू की "ती"?
साहेब म्हणाले, सध्या समासात घाला, मग बघू.

तर भगिनी-शहर.
नाव उच्चारताना महापौरांची जीभ दोनदा घसरली,
आणि पाहुण्यांनी नागपूर असं म्हटलं
की मधला ग हवेतच विरला.
तिकडे सहा महिने बर्फ.
इकडे त्या दिवशी सेहेचाळीस,
सभागृहातले कूलर गारव्यापेक्षा आवाजच जास्त फेकत होते.
ओटी भरायची रीत कुठल्या नियमात बसेना,
म्हणून रोपं दिली-घेतली.
आमची बारा, संत्र्याची.
त्यांची बारा, भूर्जाची.

खड्डे खणले डोमाजी लांजेवारने.
पांढरं खोड पाहून म्हणाला,
"हे त चुना लावूनच आलं, बाई."
तरी खाली गेरूचा पट्टा ओढलाच;
महापालिकेचं झाड म्हणजे महापालिकेचं झाड.
साल सुटायला लागली तेव्हा रोग समजून
हळद लावली, ओलं गोणपाट गुंडाळलं,
रात्री दोनदा उठून पाणी.
पहिलं रोप नवतपात गेलं.
मग एकाच आठवड्यात तीन.
पुढे त्याने मोजणं सोडलं.

दर जानेवारीत तिकडून पत्र:
वृक्षांची सद्यःस्थिती कळवावी.
दर जानेवारीत माझं उत्तर, जावक क्रमांक टाकून:
बाराही वृक्ष सुस्थितीत.
त्यांचंही तेच, शिक्क्यासकट:
बाराही संत्री सुस्थितीत.

माझी आत्या बालाघाटला दिलेली.
तिच्या पोस्टकार्डावर पहिली ओळ कायम,
इकडील सर्व क्षेम.
ती गेल्यावर कळलं,
शेवटची दोन वर्षं तिला एकाच डोळ्याने दिसत होतं.
अक्षर मात्र रेघ सोडून गेलं नाही.

सातव्या वर्षी छापील मजकुराखाली
पेनाने लिहिलेल्या चार ओळी आल्या.
धरमपेठेत ती भाषा शिकवणाऱ्या उत्पला घाटोळेंनी
चहा बाजूला सारून वाचून दाखवलं:

अकरा गेली.
एक माझ्या घरी आहे, खिडकीत, शेगडीजवळ.
त्याला एक फळ धरलंय. हिरवंच आहे.
पिकलं हे कसं ओळखतात?
वरिष्ठांना कळवू नये.

सही नव्हती.
कागदाच्या कोपऱ्यात मातीचं बोट उमटलं होतं.

डोमाजीला सांगितलं तर तो आधी हसलाच.
मग म्हणाला, "रंगावर जाऊ नको म्हणा.
हातात धरून पाहा म्हणा.
साल ढिली लागली, का झालं."
"अन् आपलं?"
तो काही बोलला नाही.
पंपघराच्या मागे घेऊन गेला,
जिथे ऑफिसच्या कूलरचं पाणी
वर्षानुवर्षं एकाच जागी ठिबकतं.
तिथे, माझ्या खांद्याएवढं,
गेरूचा पट्टा नेसलेलं, एक.

त्याने सालीचा एक पापुद्रा सोडवला,
जखमेवरची खपली काढावी तसा.
बॉलपेनने मी त्यावर लिहिलं,
आधी संत्र्याचं, मग आमच्या अकरांचं.
उत्पलाबाईंनी खाली त्यांच्या लिपीत उतरवलं.
जावक नोंदवहीत हे पत्र नाही.
तिकीट माझ्या पैशाचं.

झिरो माइलच्या खांबावर
जबलपूर आहे, चांदा आहे, छिंदवाडा आहे.
घरी जाताना हल्ली सिग्नलला थांबले
की उगाच वाटतं,
तिची बाजू कुठली असेल?

या वर्षीचं पत्र अजून आलेलं नाही.
डोमाजी विचारत नाही.
फक्त टपालाच्या वेळी कात्री घेऊन येतो
आणि कालच कापलेली मेंदी
पुन्हा कापत राहतो.